अर्धी टाकी

टाकी भरलेली असली की चालायचं आणि अर्धी झाली की बंद पडायचं. एवढंच होतं ते, आणि एवढं लक्षात यायला मला दीड महिना लागला.

ट्रिमर मूळचा आत्याचा. लांब दांड्याचा, टू-स्ट्रोक इंजिनवाला, खाली नायलॉनची दोरी गरगर फिरते आणि गवत कापते तो. तिनं नऊ वर्षं वापरला, मग खांद्याचं दुखणं सुरू झालं आणि स्टार्टरची दोरी ओढवेना तेव्हा मला म्हणाली, तू ने, इथं पडून राहिला तर वाया जाईल. मी आणला. एक सीझन मनापासून वापरला आणि मग गवत वाढायचं थांबलं तेव्हा होता तसा, टाकीत पेट्रोल असताना, भिंतीला टेकवून ठेवून दिला. पाच महिने तो तसाच उभा होता. आत्या फोनवर दर वेळी विचारायची, "चालतंय ना गं मशीन?" आणि मी म्हणायचे हो, कारण ठेवला तेव्हा चालतच होता.

पाच महिन्यांनी काढला तर सुरू करायला वीस-पंचवीस वेळा दोरी ओढावी लागली. झाला सुरू. दहा-बारा मिनिटं छान चालला, मग आवाज चढायला लागला, म्हणजे मी ट्रिगर दाबलाय तेवढाच आणि इंजिन मात्र किंचाळत वर वर जातंय, आणि मग एकदम खोकल्यासारखं करून बंद. पुन्हा दोरी ओढली, नाही. चोक ओढला, दोन सेकंद चाललं, बंद. टाकी उघडून बघितली तर पेट्रोल अर्धं होतं, वरून भरलं, दोरी ओढली, लगेच सुरू. मला वाटलं गरम झालं असेल, भरेपर्यंत थंड झालं म्हणून लागलं. आणि तो चढणारा आवाज, खरं सांगते, तो मला आवडायचा. मशीन ताकदीनं चाललंय असं वाटायचं. त्या आवाजाचा अर्थ मला नंतर कळला आणि तेव्हा अंगावर काटा आला, पण ते पुढे सांगते.

मग सुरू झाली शोधाशोध. आपण सगळे जे करतो तेच मी केलं, जे दिसतं आणि हाताला लागतं तिथून सुरुवात. स्पार्क प्लग बदलला. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुतला, वाळवून घातला. सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजलेली नाही ना बघितलं. मग सगळ्यांचा लाडका आरोपी, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो भाग. उघडला, क्लीनरनं फवारला, डायफ्रॅमचा, म्हणजे आतल्या पातळ पडद्यांचा, किट घातला, तरी तेच. शेवटी नवा कार्बोरेटर आणून बसवला, तरी तेच. मग मिक्स्चरचा स्क्रू थोडा उघडला, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जाईल असं केलं, तर मशीन थोडं बरं चाललं आणि मला वाटलं सापडलं. नव्हतं सापडलं. स्क्रू उघडून मी फक्त दुखणं झाकलं होतं.

यानंतर संशय आला टाकीच्या व्हेंटवर. टाकीतून पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल ओढलं जात नाही. त्यासाठी एक बारीक झडप असते, काही मशीनमध्ये झाकणातच, काहींमध्ये वेगळ्या छोट्या नळीच्या टोकाला, हवा आत येऊ देते पण पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. ती धुळीनं, तेलकट चिकट्यानं बुजली की मशीन पाच-दहा मिनिटं चालतं आणि बंद पडतं, झाकण सैल केलं की सुस्स आवाज येतो, आणि मशीन पुन्हा लागतं. म्हणजे लक्षण हुबेहूब माझ्यासारखंच! आणि मी तर प्रत्येक वेळी झाकण उघडूनच पेट्रोल भरत होते, तर मशीन लागलं ते झाकण उघडल्यामुळे की पेट्रोल भरल्यामुळे, हे वेगळं कसं करणार?

सोपं आहे, पण मला सुचायला वेळ लागला. पुढच्या वेळी बंद पडलं तेव्हा झाकण उघडलं, काहीच भरलं नाही, झाकण लावलं आणि दोरी ओढली. नाही लागलं. परत उघडलं, सुस्स वगैरे काही नाही. मग पेट्रोल वरपर्यंत भरलं. दुसऱ्या ओढीला सुरू. म्हणजे व्हेंट निर्दोष. फरक पडत होता तो टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीचा.

बॅटरी मारून टाकीच्या तोंडातून आत बघितलं. नळी दिसत होती, तिच्या टोकाला फिल्टर दिसत होता, सगळं जागेवर. तारेचा आकडा करून फिल्टर वर ओढला, आणि तो एकटाच वर आला. त्याच्या मागून नळीचा दोन इंचाचा तुकडा, बाकी नळी टाकीतच लोंबत राहिली. हातातला तुकडा वाकवला तर वाळलेल्या काडीसारखा मोडला. रबरासारखी असायला पाहिजे ती नळी, ती पिवळट तपकिरी, कडक, आणि जिथून तुटली तिथं आधीपासूनच अर्ध्या घेराची चीर होती, जुनी, काळपट कडांची.

ती चीर टाकीच्या बरोबर मधल्या उंचीवर होती. टाकी भरलेली असायची तेव्हा चीर पेट्रोलखाली बुडलेली, तिच्यातून आत गेलं तरी पेट्रोलच जायचं, काही बिघडत नव्हतं. पातळी उतरून चिरेच्या खाली गेली की त्याच चिरेतून हवा ओढली जायची. खाली फिल्टर पेट्रोलमध्ये बुडालेला, वरून नळी हवा पितेय. दीड महिना मी प्लग, कार्बोरेटर, स्क्रू करत बसले आणि कारण टाकीच्या आत, पेट्रोलच्या पृष्ठभागाबरोबर वर-खाली होत होतं.

ही सगळी रचना समजून घेतली की मशीनकडे बघायची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या छोट्या बागेच्या मशीनना वेगळा पेट्रोल पंप नसतो असं वाटतं, पण असतो, कार्बोरेटरच्या आतच, एक पातळ पडदा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, पोकळी तयार होते आणि खाली येताना दाब, जोसेफ डे याच्या १८९१ च्या पेटंटमधल्या क्रँककेसवाल्या टू-स्ट्रोक इंजिनापासून हीच युक्ती चालत आलीये, आणि हाच दाब एका बारीक भोकातून कार्बोरेटरच्या पडद्यापर्यंत येतो आणि त्याला आत-बाहेर हलवतो. मिनिटाला ९००० फेरे धरले तर सेकंदाला १५० वेळा. तेवढ्या थरथरीवर टाकीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. फ्लोटवाला, म्हणजे आत पेट्रोलवर तरंगणारा गोळा असलेला, कार्बोरेटर आडवा-उलटा केला की चालत नाही, हा चालतो, म्हणून चेनसॉ कसाही धरून फांदी कापता येते. पण मशीन उलटं केल्यावर पेट्रोल टाकीच्या दुसऱ्या बाजूला जाणार, म्हणून टाकीतली नळी लवचिक पाहिजे आणि फिल्टर जड पाहिजे, जिकडे पेट्रोल तिकडे तो वजनानं पडत जातो. नळी कडक झाली की फिल्टर एकाच जागी टांगून राहतो, चीर नसली तरी. म्हणजे नळीचा मऊपणा हा तिच्या कामाचाच भाग आहे.

नळ्या दोन असतात, कधी व्हेंटची धरून तीन. एक ओढणारी, तिलाच फिल्टर. दुसरी परत येणारी, ती प्रायमर बल्बकडून टाकीत येते. बल्ब म्हणजे तो पारदर्शक रबरी फुगा जो आपण सुरू करायच्या आधी सहा-सात वेळा दाबतो. बऱ्याच जणांना वाटतं की बल्ब दाबला की इंजिनमध्ये पेट्रोल जातं, मलाही वाटायचं. या मशीनमध्ये तसं होत नाही. दाबलं की बल्बमधली हवा परतीच्या नळीनं टाकीत जाते, सोडलं की बल्ब फुगतो आणि कार्बोरेटरमधून ओढतो, त्याच्या मागे फिल्टरमधून पेट्रोल वर येतं. म्हणजे बल्ब फक्त वाटेतली हवा काढून कार्बोरेटर भरून ठेवतो, जास्तीचं पेट्रोल परत टाकीत. हे कळलं की बल्ब हेच एक छान तपासणीचं साधन होतं. दाबल्यावर चेपलेलाच राहिला तर ओढणारी बाजू बुजली आहे, फिल्टर नाहीतर नळी दुमडलेली नाहीतर कार्बोरेटरची सुई अडकलेली. दाबायलाच जड जातोय तर परतीची वाट बंद. आणि पटकन फुगतोय पण आत नुसते बुडबुडेच येत राहतात, थांबतच नाहीत, तर कुठेतरी हवा शिरतेय. माझ्या ट्रिमरच्या बल्बमध्ये बुडबुडे यायचे. रोज बघत होते मी ते.

आता त्या आवाजाबद्दल. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली, ज्या मशीनला जे सांगितलं असेल ते. पिस्टनला, बेअरिंगला दुसरीकडून ऑइल मिळतच नाही. म्हणजे नळीतून हवा शिरली आणि पेट्रोल कमी गेलं की त्याच्याबरोबर ऑइलही कमी गेलं. वर पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन जास्त गरम होतं आणि वेग चढतो. सर्वात जास्त वेग, सर्वात जास्त उष्णता आणि सर्वात कमी ऑइल, हे तिन्ही एकाच क्षणी. माझा तो आवडता आवाज हा होता.

आणि मग आठवला माझा ब्लोअर, पाला उडवायचं मशीन. तीन वर्षांपूर्वी तो असाच किंचाळत किंचाळत एक दिवस थांबला आणि दोरी ओढायला गेले तर ओढलीच जाईना, पिस्टन जागेवर धरला होता. सायलेन्सर काढून भोकातून बघितलं तर पिस्टनवर उभ्या ओरखड्यांचा पट्टा, धुराड्याच्या बाजूला, ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला पुसलं गेलेलं. तेव्हा मला वाटलं ऑइल कमी घातलं गेलं असेल माझ्याकडून, आणि त्यानंतर मी कायम थोडं जास्त ऑइल घालायला लागले. आज तो ब्लोअर आठवून वाटतं की ऑइल बरोबर होतं, बल्बमध्ये बुडबुडे तेव्हाही असणार, मी बघितले नाहीत. एक हातभर नळी, तिच्यापायी अख्खं इंजिन गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नळी का मरते, याचा विचार मी बराच केला. प्लॅस्टिकच्या नळीला मऊ ठेवणारं द्रव्य त्यातच मिसळलेलं असतं. पेट्रोल ते हळूहळू बाहेर काढतं, पण पेट्रोल सतत असतं तोवर ते स्वतःच नळीत मुरून तिला फुगलेली, मऊ ठेवतं, त्यामुळे रोज चालणाऱ्या मशीनची नळी बरेच दिवस ठीक वाटते. मशीन ठेवलं, पेट्रोल उडून गेलं, की नळीत ना ते द्रव्य ना पेट्रोल, ती आकसते आणि कडक होते. सगळ्यात आधी कुठे, तर टाकीच्या भोकात, जिथं ती आवळलेली असते, आणि पेट्रोलच्या पातळीच्या रेषेवर, जिथं अर्धी ओली अर्धी कोरडी अशी राहते. त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. ते पाणी ओढून घेतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि वर पेट्रोल वेगळं राहतं, आणि फिल्टर तर तळाशीच असतो. कार्बोरेटर आतून पांढरट, गंजल्यासारखा दिसतो तो यामुळे. एक महिन्यापेक्षा जुनं मिसळलेलं पेट्रोल वापरू नये म्हणतात ते उगाच म्हणत नाहीत, आणि मी पाच महिने ठेवलं होतं.

तर कामाला लागले. टाकी रिकामी केली, डब्यात. हे काम उघड्यावरच करायचं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते, आणि पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपास थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मग कुठली नळी कुठल्या नळकांड्याला लागली आहे याचे फोटो काढले, चार बाजूंनी. हे फोटो काढायला विसरू नका, दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात आणि उलट्या लावल्या तर बल्ब दाबल्यावर परतीच्या नळीतून ओढायला बघतो आणि तुम्ही पुन्हा कार्बोरेटरला दोष देत बसता.

नळीच्या मापाला आतला व्यास आणि बाहेरचा व्यास असे दोन आकडे लागतात. आतला २, २.५, ३ मिमी असे, बाहेरचा साडेतीनपासून सहापर्यंत. आतला कार्बोरेटरच्या नळकांड्यावर घट्ट बसण्यासाठी. आणि बाहेरचा त्याहून महत्त्वाचा, कारण बऱ्याच मशीनमध्ये टाकीच्या भोकात रबरी ग्रोमेटही, म्हणजे भोक घट्ट करणारी कडीही, नसते, नळी स्वतःच भोकात आवळून बसते आणि तीच सील. मी पहिल्यांदा अंदाजानं एक नळी आणली ती सहज आत गेली. इतकी सहज गेली की बरं वाटलं. बोटानं हलवली तर भोकात फिरत होती. म्हणजे पेट्रोल तिथून झिरपणार. परत माप घेतलं, व्हर्नियरनं, जुनी नळी आकसलेली असते म्हणून तिचं नाही तर भोकाचं, आणि भोकापेक्षा जराशी जाड नळी आणली. आणि नळी पेट्रोलसाठीचीच पाहिजे. मासे ठेवायच्या टाकीची पारदर्शक नळी काही आठवड्यांत दगड होते. सिलिकॉनची तर पेट्रोलनं फुगते आणि नळकांड्यावरून सुटते. टायगॉन नावाच्या प्लॅस्टिकची पिवळी असते ती चालते, तिच्यातून आतलं पेट्रोल आणि बुडबुडे दिसतात हा मला फार मोठा फायदा वाटतो.

जाड नळी बारीक भोकातून घालायची कशी, तर टोक तिरकं कापायचं, चांगलं तीन-चार सेंटीमीटर लांब तिरकस, लेखणीच्या टोकासारखं. ते टोक टू-स्ट्रोक ऑइलमध्ये बुडवायचं, बाहेरून भोकात सारायचं, टाकीच्या तोंडातून लांब चोचीच्या पकडीनं किंवा तारेच्या आकड्यानं धरायचं आणि ओढायचं. ओढलं की नळी ताणून बारीक होते आणि सरकते, सोडली की फुगून भोकात बसते. बोलायला सोपं आहे. पकडीतून टोक सुटतं, सहा वेळा सुटलं, बोटं तेलानं निसरडी, आणि टाकीच्या तोंडातून एका वेळी एकतर पकड दिसते नाहीतर टोक. सातव्यांदा ते पुप् असा आवाज करून आत आलं आणि त्या आवाजाचा आनंद मी शब्दांत नाही सांगू शकत. मग तिरकं टोक सरळ कापून टाकायचं, फिल्टर बसवायचा, आणि लांबी बघायची. फिल्टर टाकीच्या सगळ्या कोपऱ्यांपर्यंत पोचला पाहिजे पण नळी दुमडायला नको. मी मशीन चारी बाजूंना फिरवून, कान लावून, फिल्टर टाकीच्या भिंतीला टक् करतो का ते ऐकलं. लांब वाटली, एक सेंटीमीटर कापली, पुन्हा ऐकलं.

परतीची नळी बदलायला घेतली तेव्हा एक गोष्ट दिसली. जुन्या परतीच्या नळीचं टाकीतलं टोक तिरकं होतं. लांब तिरकस, लेखणीसारखं, माझ्यासारखंच, फक्त कापून सरळ करायचं राहिलेलं, परतीच्या नळीला फिल्टर नसतो त्यामुळे चालून जातं ते. कंपनीतून आलेली नळी अशी नसावी. कुणीतरी हातानं ओढून घातली होती.

आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, तू याच्या नळ्या बदलल्या होत्यास का?"

"दोनदा," ती म्हणाली. "दर तीन-चार वर्षांनी बदलायच्याच असतात. कडक लागायला लागल्या की."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कुठे? चालतंय म्हणालीस." मग थोडं थांबून, "ठेवताना टाकी रिकामी करतेस ना?"

मी नाही म्हणाले. ती काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं सगळं नीट सांगितलं, टाकी रिकामी करायची, बल्ब दाबून दाबून कार्बोरेटर कोरडा करायचा, मग सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर, म्हणजे ट्रिगर न दाबता, चालू द्यायचं, आणि पुन्हा वापरायच्या आधी नळी बोटात धरून वाकवून बघायची. नऊ वर्षं ती हे करत होती. त्या मशीनच्या इंजिनाचं मी किती कौतुक केलं होतं सगळ्यांजवळ, नऊ वर्षांत काही झालं नाही म्हणून, आणि त्या नऊ वर्षांत तिच्या हातांनी काय काय केलं ते मला एका तिरक्या कापावरून कळलं.

नळ्या झाल्या आणि मला वाटलं संपलं. मशीन आडवं करून पुठ्ठ्यावर ठेवलं, तासाभरानं बघितलं तर पुठ्ठ्यावर हाताच्या तळव्याएवढा ओला डाग. भोक कोरडं होतं. पुसून पुसून बघितलं तेव्हा टाकीच्या खालच्या शिवणीवर, जिथं ती बॉडीला टेकते तिथं, केसाएवढी रेघ सापडली. तिथं धूळ कायम चिकटलेली असायची आणि मी ती पुसून काढायचे, धूळ का चिकटते असा प्रश्न कधी पडला नाही.

टाकीला चिकटवायचा प्रयत्न मी केला, आणि तुम्ही करू नये म्हणून सांगते. एपॉक्सी लावली, दुसऱ्या दिवशी कडक झालेली बघून समाधान वाटलं, आणि नखानं कडेला जरा उचललं तर अख्खा पापुद्रा निघून आला, खाली टाकी स्वच्छ. या टाक्या बहुतेक पॉलिथिलीनच्या असतात, जाड, कडक जातीच्या. कमी दाबाखाली हे प्लॅस्टिक बनवायची रीत कार्ल झिगलर यांनी १९५३ मध्ये शोधली आणि १९६३ मध्ये त्यांना जुलिओ नात्ता यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेट्रोल त्याला विरघळवू शकत नाही, म्हणून तर टाक्या त्याच्या करतात, आणि त्याच्या पृष्ठभागाला काही धरून बसत नाही हाही त्याचाच गुण. पेट्रोल ठेवायला जो गुण लागतो तोच गोंदाच्या आड येतो. आणि गरम सळईनं वितळवून सांधणं तर मुळीच नको, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. टाकी चिरली की टाकी बदलायची, दुसरं काही नाही.

नवी टाकी बसवणं हे त्यामानानं सोपं. तीन स्क्रू, खाली रबराच्या दोन गाद्या. त्या गाद्या जुन्या मशीनमध्ये दबून चपट्या झालेल्या होत्या, एक तर जागेवरच नव्हती, म्हणजे टाकी बॉडीवर थेट घासत आणि थरथरत होती, चीर तिथंच पडली हे उघड आहे. गाद्या नव्या घातल्या. स्क्रू हातानं बसेल तेवढेच आवळले, प्लॅस्टिकला जोर सहन होत नाही. बसवायच्या आधी टाकीत थोडं पेट्रोल घालून खळखळून कापडातून ओतून काढलं तर कापडावर प्लॅस्टिकचे बारीक कीस, तोंडाच्या आट्यांमधले. ते तसेच राहिले असते तर पहिल्याच आठवड्यात फिल्टरला चिकटले असते. व्हेंटची झडपही नवीच घातली, निर्दोष होती तरी, एवढं उघडलंच आहे तर. आणि नळ्या पुन्हा एकदा, तिरकं टोक, ऑइल, पकड. या वेळी तिसऱ्या ओढीला आल्या.

पुन्हा पुठ्ठा. एक तास, मग रात्रभर. सकाळी पुठ्ठा कोरडा होता, मी वास घेऊनही बघितला.

ताजं मिश्रण घातलं. बल्ब दाबला. पहिल्या दाबाला नुसती हवा, दुसऱ्याला पिवळ्या नळीतून पेट्रोलची एक ओळ चढताना दिसली, मध्ये मध्ये मोठे बुडबुडे, चौथ्या-पाचव्याला बुडबुडे मोहरीएवढे, सातव्याला बल्ब पूर्ण भरलेला, आत एकही बुडबुडा नाही. मी आणखी चार वेळा दाबून बघितला, गरज नव्हती, नुसतं ते भरलेलं बघायला.

लागलं, तिसऱ्या ओढीला. भरपूर धूर आणि गुरगुर, आणि मग आठवलं की मिक्स्चरचा स्क्रू मी दुखणं झाकायला उघडून ठेवलाय. आता हवा शिरत नाही तर पेट्रोल जास्त जाणारच. तो परत पहिल्या खुणेवर आणला, तरीही किंचित पेट्रोलच्या बाजूनंच ठेवला. मग ठरवून टाकी रिकामी होईस्तोवर चालवलं. अर्धी झाली तेव्हा माझं सगळं लक्ष कानात होतं. आवाज चढला नाही. पाव झाली. तळाला आली आणि मगच, जसं बंद पडायला पाहिजे तसं, पेट्रोल संपून बंद पडलं.

पुन्हा भरून सुरू केलं आणि आत्याला फोन लावला, फोन मशीनजवळ धरला. ती बराच वेळ ऐकत होती. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"आयडल जास्त आहे," ती म्हणाली. "खाली दोरी फिरतेय ना अजून? ट्रिगर सोडल्यावर फिरायला नको."

बघितलं तर फिरत होती, हळूहळू. फोन खांद्यात धरून छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला, आयडलचा स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला, मग आणखी जरासा. आवाज खाली उतरला, सारखा झाला. दोरीचा गोळा संथ होत होत थांबला, आणि इंजिन चालू राहिलं.

"हां," आत्या म्हणाली. "असंच राहू दे आता."